मुखपृष्ठ फाटलेला अंक आणि नील ॲडम्स

पावशेर_शाई

परवा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत एक जुना अंक सापडला. कडा वाळवीनं खाल्ल्यात, आतली पानं शाबूत. बायको म्हणाली, "याला तर मुखपृष्ठपण नाही, दे रद्दीत." दिला नाही, आणि त्याचं कारण तिला धड सांगताही आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

साधारण १९८६ चा जून. मी सातवीत जाणार होतो. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात रद्दीचं दुकान होतं. शाळा उघडायच्या आधी तिथे जुन्या पाठ्यपुस्तकांचे ढीग लागत आणि ढिगाच्या तळाशी कॉमिक्स. वेताळ, मॅन्ड्रेक ही इंद्रजालची मंडळी घरचीच होती. अमेरिकन अंक मात्र मालक गल्ल्यामागे ठेवायचा आणि भाव सांगताना छताकडे बघायचा. त्यातला एक मला रुपयात मिळाला, कारण त्याचं मुखपृष्ठ कुणीतरी फाडलेलं होतं.

आत पहिल्याच पानावर पावसाळी रात्र आणि गाडी हाकत, हसत निघालेला जोकर. तोवर माझ्या लेखी जोकर म्हणजे सर्कशीतला लाल नाकाचा. हा निराळाच होता. पाच जुन्या साथीदारांपैकी एकानं दगा दिलाय, नेमका कोणी ते ठाऊक नाही, म्हणून पाचही जणांना मारायला निघालेला. शेवटाकडे समुद्रकिनारा येतो. तिथे वाळूवरून धावणारा बॅटमॅन आहे. मागे फडफडणारी झूल, अंगाच्या प्रत्येक स्नायूला आपलं काम माहीत असल्यासारखा. मी ते पान ट्रेसिंग पेपरवर किती वेळा उतरवलं त्याला गणती नाही. आणि जोकर पकडला जातो तो कसा, तर किनाऱ्यावर सांडलेल्या तेलावरून पाय घसरून! सातवीतल्या मुलाला हे फार पटलं.

चित्रकाराचं नाव होतं नील ॲडम्स. अंक 'बॅटमॅन' २५१, सप्टेंबर १९७३, हे मला कळलं ते इंटरनेट आल्यावर. गंमत म्हणजे ज्याचं मुखपृष्ठ माझ्याकडे नव्हतं, तो माणूस अमेरिकेत मुखपृष्ठांसाठी ओळखला जात होता.

आता त्याच्याबद्दल. जन्म १५ जून १९४१, न्यूयॉर्कमधल्या गव्हर्नर्स आयलंडवर. वडील सैन्यात, त्यामुळे बालपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत. मॅनहॅटनच्या स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्टमधून १९५९ मध्ये बाहेर पडला आणि चित्रांची फाइल घेऊन डीसी कॉमिक्स या बॅटमॅन-सुपरमॅनच्या प्रकाशकांच्या दारात गेला. तिथे त्याला आतही सोडलं नाही. पन्नाशीच्या दशकात कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून अमेरिकेत मोठं काहूर उठलं होतं, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या होत्या, प्रकाशनं पटापट बंद पडली होती. उरलेल्यांना नवा माणूस नकोच होता. मग 'आर्ची' या कॉमिक्ससाठी विनोदी एकपानी गोष्टी, कुणाच्या तरी हाताखाली पार्श्वभूमी रंगवणं, असं करत तो जॉनस्टोन अँड कुशिंग या जाहिरात कंपनीत पोचला. ही कंपनी कॉमिक्सच्या रूपातल्या जाहिराती करायची.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. हा गडी मुळात कॉमिक्सवाला नव्हताच, जाहिरातवाला होता. त्याचं चांगलं, वाईट, भांडकुदळपण, सगळं तिथून आलं.

जाहिरातीत हातात साबण धरलेली बाई खऱ्या बाईसारखी दिसावी लागते. दर कामाला वेगळी शैली लागते, आणि मुख्य म्हणजे दर कामाचं बिल लावता येतं. १९६२ च्या नोव्हेंबरात, वय वर्षं एकवीस, त्याला 'बेन केसी' ही वर्तमानपत्री चित्रमालिका मिळाली. टीव्हीवरच्या एका डॉक्टरच्या मालिकेवर बेतलेली. रोज तीन-चार चौकटीत डॉक्टर, नर्स, रुग्ण आणि त्यांचे चेहरे. मारामारी नाही, उडणं नाही. साडेतीन वर्षांहून जास्त काळ हे केल्यावर माणसाचा चेहरा कुठल्याही कोनातून काढता येणारच. १९६६ मध्ये मालिका बंद पडली. पुन्हा जाहिरातीत जावं म्हणून नमुन्यांची फाइल एका ठिकाणी ठेवून आला, तर ती फाइलच गायब झाली. सगळं काम गेलं! मग नवे नमुने तयार होईपर्यंत पोटापाण्यासाठी वॉरन या प्रकाशकाच्या भयकथांच्या मासिकांत, आणि १९६७ मध्ये डीसीत. ज्या दारातून हाकलला होता तिथेच.

तिथे 'डेडमॅन' नावाचं एक प्रकरण त्याच्या वाट्याला आलं. सर्कशीत झोक्यावर कसरत करताना गोळी लागून मेलेला माणूस, जो आता दुसऱ्यांच्या अंगात शिरून आपला खुनी शोधतोय. आपल्याकडे याला झपाटणं म्हणतात, त्यात नवल नाही. नवल चित्रांत होतं. चौकटी तिरक्या, पात्रं पान फोडून बाहेर आलेली. एका अंकात तर त्यानं धुराच्या रेषांत अक्षरं दडवली होती. पान डोळ्यांपाशी आडवं धरलं की वाचता येतं, "अरे, हा तर जिम स्टेरँको इफेक्ट!" स्टेरँको हा त्याचा समकालीन चित्रकार. स्पर्धक कंपनीच्या चित्रकाराला आपल्या पानातून मारलेला डोळा होता तो.

बॅटमॅनचं राहिलंच. जेवायला बोलावतायत, पुढचं रात्री लिहितो.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

वा! पहिला नंबर माझा. वाखुसा (वाचनखूण साठवली). पुढचा भाग लवकर टाका, नाहीतर इथल्या प्रथेप्रमाणे 'क्रमशः' म्हणजे कायमचा रामराम.

---

चार_आणे_रोज

बाळपण आठवलं. आमच्या दादरच्या लायब्ररीत रोज चार आणे भाडं. इंद्रजालचं मुखपृष्ठ आधी पाठ व्हायचं, मग गोष्ट. ती भारतीय मुखपृष्ठं बी. गोविंद काढायचे, हे कळलं तेव्हा वेताळापेक्षा त्यांचं जास्त कौतुक वाटलं होतं. पण अंकात त्यांचं नाव शोधत बसावं लागे.

शंका : मुखपृष्ठवाला आणि आतला चित्रकार वेगळे असायचे का? असले तर का?

---

पावशेर_शाई

चार_आणे, चांगला प्रश्न. हो, बऱ्याचदा वेगळे, आणि त्यामागे सरळ धंदा होता.

तेव्हा कॉमिक्स औषधाच्या दुकानात, पेपरच्या टपरीवर, लोखंडी जाळीच्या फिरत्या स्टँडवर विकली जात. एकापुढे एक खोचलेले अंक, त्यामुळे दिसायचा तो वरचा तृतीयांश. म्हणून नाव वर, आणि जे काही ओढून घेणारं आहे तेही वरच्या अंगाला. न विकलेल्या प्रतींचे पैसे परत मिळायचे, पण अख्खा अंक परत पाठवायला वाहतूक खर्च कोण करणार? दुकानदार फक्त मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून पाठवायचा आणि उरलेलं लगद्यात जाणं अपेक्षित असायचं. सगळंच जायचं नाही. माझा अंक असाच निसटलेला असावा. तो पुण्यापर्यंत कसा आला ते देव जाणे.

म्हणजे मुखपृष्ठ ही अक्षरशः हिशेबाची पावती होती! मग संपादक सगळी अक्कल तिथे लावणारच. डीसीत ज्युलियस श्वार्ट्झसारखा संपादक तर कित्येकदा आधी मुखपृष्ठ ठरवायचा आणि मग लेखकाला सांगायचा, आता याला साजेशी गोष्ट लिही. वरात आधी, नवरदेव मागून. मुखपृष्ठावर गोरिला असला की अंक जास्त खपतो असं एकदा लक्षात आल्यावर पुढे कितीतरी अंकांत माकडंच माकडं.

कार्माइन इन्फँटिनो या चित्रकाराला डीसीनं १९६७ च्या सुमारास मुखपृष्ठांची रचना बघायला बसवलं. त्यानं कच्ची मांडणी करायची आणि ॲडम्सनं ती रंगारूपाला आणायची, अशी कितीतरी मुखपृष्ठं निघाली. आत मात्र दुसराच कुणीतरी. 'सुपरमॅन' २३३, जानेवारी १९७१, बघा. छाती पुढे काढून हिरव्या क्रिप्टोनाइटच्या (त्याची ताकद हिरावणाऱ्या खनिजाच्या) साखळ्या तोडणारा सुपरमॅन. आजही टी-शर्टवर, डब्यावर, पोस्टरवर तोच असतो. पण अंक उघडला की आत कर्ट स्वान. स्वान उत्तम चित्रकार, तरी ॲडम्ससाठी पैसे मोजलेल्या पोराला सीताफळ म्हणून घेतलं आणि रामफळ निघालं असं वाटलं असणारच.

---

आडवी_रेघ

इथे एक मुद्दा मांडतो. मी स्वतः उपयोजित चित्रकलेचा विद्यार्थी होतो.

'हाऊस ऑफ मिस्ट्री'ची १९६८ पासूनची ॲडम्सची मुखपृष्ठं बघा. कॉमिक्स कोड नावाची नियमावली होती, त्यामुळे रक्त नाही, प्रेत नाही, फार भयंकर काही नाही. मग भीती दाखवायची कशी? त्यानं मुलं काढली. पाठमोरी किंवा अर्धवट वळलेली, झोपायच्या कपड्यातली, हातात मेणबत्ती. समोर वाडा किंवा उघडं दार. भूत असलं तर सावलीत, बऱ्याचदा नुसता हात. बघणाऱ्याला मुलाच्या उंचीवर आणून ठेवलं की निम्मं काम झालं. कोडनं बंदी घातली म्हणून ही चित्रं चांगली झाली असं मी म्हणेन. नियमावलीचं कौतुक करतोय असं समजू नका.

दुसरं, रंग. ती छपाई स्वस्त न्यूजप्रिंटवर. पिवळा, लाल, निळा, प्रत्येकाच्या तीन छटा आणि एक 'काहीच नाही', म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट रंग. वरून काळी रेष. ॲडम्स सांगायचा की डीसी त्यातलेही सगळे वापरत नव्हती, त्यासाठी तो छपाई विभागाशी भांडला. आधीच्या लोकांना त्या कागदावर काय उमटतं याची फिकीर नव्हती. जाहिरातीत घडलेल्या माणसाला असणारच. तेव्हा धागाकर्त्याच्या म्हणण्याला माझं +१.

---

पावशेर_शाई

आलो. तर बॅटमॅन.

१९६६ ते ६८ टीव्हीवर बॅटमॅनची विनोदी मालिका चालली आणि तिच्या पायी कॉमिक्समधला बॅटमॅनही विदूषक झाला. मालिका संपली, खप बसला. ॲडम्सनं श्वार्ट्झकडे बॅटमॅन मागितला, त्यानं नाही म्हटलं. मग हा पठ्ठ्या दुसऱ्या संपादकाकडे, 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' या मासिकात गेला. त्यात बॅटमॅन दर अंकात कुणा ना कुणाबरोबर पाहुण्यासारखा यायचा. पटकथेत भर दुपार लिहिलेली असली तरी ॲडम्स रात्र काढायचा. दारातून आत येणारा बॅटमॅन खिडकीतून यायचा. संवाद तेच, फक्त अंधार वाढवला. वाचकांची पत्रं यायला लागली की खरा बॅटमॅन तिकडे आहे. शेवटी श्वार्ट्झनंच बोलावलं. जानेवारी १९७० च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ३९५ पासून लेखक डेनी ओ'नील आणि ॲडम्स अशी जोडी जमली. पुढच्या वर्षी, 'बॅटमॅन' २३२ मध्ये, रास अल गूल हा खलनायक आला. आज सिनेमात दिसणारा काळा, लांब कानांचा, एकटा बॅटमॅन बराचसा या दोघांचा आहे.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी काम 'ग्रीन लँटर्न', म्हणजे कंदिलातून शक्ती घेणाऱ्या नायकाचं मासिक. अंक खपत नव्हता, म्हणून काय वाट्टेल ते करा अशी मोकळीक मिळाली. १९७० च्या ७६ व्या अंकावर तिरंदाज नायक ग्रीन ॲरोचा बाण ग्रीन लँटर्नच्या कंदिलाच्या ठिकऱ्या उडवतो. आत एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस ग्रीन लँटर्नला विचारतो, की तू निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी एवढं केलंस म्हणे, काळ्यांसाठी काय केलंस? ग्रीन लँटर्नची मान खाली जाते. आणि १९७१ चा ८५ वा अंक! मुखपृष्ठावर ग्रीन ॲरोनं सांभाळलेला पोरगा स्पीडी टेबलाशी बसलाय, समोर सुई आणि सगळं साहित्य, मागे हादरलेला पालक. कॉमिक्स कोडला अमली पदार्थांचं नावही चालत नव्हतं. त्याच वर्षी मार्व्हल या डीसीच्या स्पर्धक कंपनीनं स्पायडरमॅनचे तीन अंक कोडच्या शिक्क्याशिवाय काढले, मग नियम सैल झाले आणि हे मुखपृष्ठ शिक्क्यासकट आलं. न्यूयॉर्कच्या महापौरांचं कौतुकाचं पत्र पुढच्या अंकात छापलं. ८७ मध्ये जॉन स्टुअर्ट हा कृष्णवर्णीय ग्रीन लँटर्न आला. आणि ८९ व्या अंकाला मासिक बंद! कौतुक भरपूर, खप कमी. दिवाळी अंक काढणाऱ्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

---

उलटतपासणी

धागा छान. पण आरती फार झाली, थोडा कापूर विझवतो.

एक : माणूस वेळ पाळत नसे. मार्व्हलच्या 'ॲव्हेंजर्स'मधलं क्री-स्क्रल युद्ध हे त्याचं गाजलेलं काम, पण शेवटचा ९७ वा अंक जॉन ब्युसेमाला काढावा लागला. दोन : तो आला तेव्हा 'एक्स-मेन' या मार्व्हलच्याच मासिकाचा खप घसरलेला होता आणि तो गेल्यावर लगेच १९७० मध्ये नव्या गोष्टी बंद होऊन जुन्याच छापायला लागले. समीक्षक नाचले, गल्ला हलला नाही. तीन : सगळेच किंचाळतायत, सगळ्यांचीच बोटं वाचकाच्या डोळ्यात घुसतायत. शांत प्रसंग त्याला जमतच नव्हता. चार : म्हातारपणी केलेली 'बॅटमॅन : ओडिसी' मी पैसे देऊन वाचली आहे. माझ्या वाट्याला आलेलं दु:ख शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

आणि पृथ्वी फुगत चालली आहे, खंड सरकत नाहीत, असं तो ठासून सांगायचा, त्यावर ॲनिमेशन काढायचा. भूगर्भशास्त्रानं हा विषय कधीच निकाली काढलाय. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

---

आडवी_रेघ

तिसरा मुद्दा मान्य नाही. 'बेन केसी'च्या पट्ट्या बघा, नुसती बसलेली माणसं आहेत. किंचाळणं हे सुपरहीरोंच्या कथांनी मागितलं. चौथा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझेही पैसे गेलेत.

एक्स-मेनवरून आठवलं. ५६ व्या अंकासाठी त्यानं आधी जे मुखपृष्ठ केलं, त्यात सगळ्या नायकांना मासिकाच्या नावाच्या अक्षरांनाच जखडलं होतं. मालकानं नाकारलं, कारण नाव वाचता येईना! चित्र झकास, पण नियम एकच, नाव दिसलं पाहिजे. जाहिरातीतल्या माणसानं ही चूक करावी याचं मला हसू येतं.

---

पावशेर_शाई

उलटतपासणी, वेळेचा मुद्दा खरा आहे, झाकत नाही. पण त्यातही जाहिरातवालाच दिसतो. तेव्हा एकाच वेळी डीसी आणि मार्व्हल दोघांकडे काम करायचं तर लोक टोपणनावानं करत. जीन कोलनसारखा चित्रकार 'ॲडम ऑस्टिन' व्हायचा. ॲडम्सनं १९६९ मध्ये स्वतःच्याच नावानं दोन्हीकडे काम केलं. कोणाची नोकरी करत नाही, मग लपू कशाला? १९७१ मध्ये चित्रकार डिक जॉर्डानोबरोबर कंटिन्यूइटी नावाचा स्वतःचा स्टुडिओ काढला. जाहिराती, सिनेमाचे स्टोरीबोर्ड, जे येईल ते. तिथे पैसे बरे मिळायचे, म्हणून कॉमिक्स मागे पडलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो टारझनच्या कादंबऱ्यांची रंगीत मुखपृष्ठं करत होता, बॅटमॅनची पानं जवळजवळ थांबली होती. म्हणजे ज्या कामावर त्याचं नाव उभं आहे ते मोजून सहा-सात वर्षांचं.

---

कुंचला_आणि_चहा

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. मी बरीच वर्षं पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करते.

मला या माणसाबद्दल माहिती आहे ती चित्रांमुळे नाही, भांडणामुळे. तेव्हाची पद्धत अशी की चित्रकाराला मिळणाऱ्या चेकच्या मागे शिक्का असायचा. बँकेत भरायला मागे सही केली की सगळे हक्क कंपनीचे. छापून झाल्यावर मूळ चित्रं गोदामात पडायची, कापून कचऱ्यात जायची किंवा भेटीला आलेल्या कुणाला वाटली जायची. ॲडम्सचं म्हणणं सोपं होतं. तुम्ही छापण्याचा हक्क विकत घेतला, कागद माझा आहे, तो परत करा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत डीसी आणि मार्व्हल दोघांनी मूळ पानं परत द्यायला सुरुवात केली. चित्रकार जॅक कर्बीची जुनी पानं मात्र मार्व्हलनं अडकवली, त्यावरून पुढे मोठी बोंबाबोंब झाली आणि १९८७ मध्ये त्यातली जेमतेम दोन हजार परत आली. त्या ओरड्यातही ॲडम्स होताच.

माझा अनुभव असा की एका प्रकाशकाला (नाव नको) मी कॅनव्हासवर केलेलं काम दिलं. सहा महिन्यांनी मागितलं तर म्हणाले, "ताई, ते इथेच कुठेतरी असेल." पुढच्या दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला गेले तर दिवाणखान्यात टांगलेलं! वर मला म्हणतात, "बघा, किती जपलंय." चकली घशाखाली उतरेना.

आपल्याकडे दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचाच 'दीपावली' अंक काढला, तेव्हा मुखपृष्ठाचा मालक आणि चित्रकार एकच झाले. मडगावच्या त्या माणसाला हे फार आधी उमगलं होतं असं मला वाटतं.

---

चार_आणे_रोज

कुंचलाताई, दंडवत. फराळाचा प्रसंग वाचून माझाच घास अडकला. ते चित्र परत मिळालं का?

---

कुंचला_आणि_चहा

नाही. आता फराळाला जात नाही.

---

न्यूजर्सीचा_नाना

कंटिन्यूइटीचा विषय निघाला म्हणून. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांची गोष्ट इथे आलीच पाहिजे. १९३८ मध्ये दोघांनी १३० डॉलरला सुपरमॅन विकला. सत्तरच्या दशकात सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता, शुस्टरची दृष्टी जवळपास गेली होती. सुपरमॅनचा मोठा सिनेमा येणार म्हटल्यावर सीगलनं १९७५ मध्ये वर्तमानपत्रांना तळतळाटाचं पत्र पाठवलं. ॲडम्सनं स्टुडिओतलं काम बाजूला ठेवून महिनोन्महिने फोन केले, दोघांना पत्रकारांपुढे आणलं, टीव्हीवर नेलं. जोडीला व्यंगचित्रकार जेरी रॉबिन्सन. खटला असा त्यांच्याकडे काही उरलाच नव्हता, होती ती फक्त कंपनीची लाज काढण्याची सोय. डिसेंबर १९७५ मध्ये तडजोड झाली. दोघांना वर्षाला वीस वीस हजार डॉलर आणि सुपरमॅनवर पुन्हा त्यांची नावं. म्हणून आजही सिनेमात ती ओळ दिसते. मागे म्हटलं तसं, हा माणूस जाहिरातवाला होता. ही त्याची सर्वांत चांगली जाहिरात.

१९७८ मध्ये त्यानं सगळ्या कॉमिक्सवाल्यांची संघटना बांधायचाही घाट घातला. ती काही उभी राहिली नाही. चित्रकार एकत्र आले तर सूर्य पश्चिमेला.

अवांतर : त्याच वर्षीचा 'सुपरमॅन विरुद्ध मुहम्मद अली' कुणी पाहिलाय? मोठ्या आकाराचा, पुढून मागे गेलेलं एकच मुखपृष्ठ, रिंगणाभोवती १७२ ओळखीचे चेहरे. राष्ट्राध्यक्ष कार्टर, सिनात्रा, ल्युसिल बॉल. ज्यांनी परवानगी दिली नाही त्यांना मिशा वगैरे चिकटवून वेषांतर करवलं. माझ्या मुलीला मी त्यातला एकेक चेहरा ओळखायला लावतो. तिला अली आणि सुपरमॅन सोडून एकही येत नाही.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

नाना, मिशा लावून परवानगीचा प्रश्न सोडवणं हे आपल्याकडच्या नाटकवाल्यांना सुचायला हवं होतं.

---

कुंचला_आणि_चहा

अजून एक सांगते, मग थांबते. दिना बाबिट नावाची चित्रकार होती, चेकोस्लोव्हाकियातली ज्यू. आउशविट्झच्या छळछावणीत तिनं मुलांच्या बराकीच्या भिंतीवर स्नो व्हाइट रंगवली. ते बघून छावणीतल्या नाझी डॉ. मेंगेलेनं तिला रोमा कैद्यांची व्यक्तिचित्रं काढायला लावली. त्यामुळे ती आणि तिची आई वाचल्या. ज्यांची चित्रं काढली ते वाचले नाहीत. युद्धानंतर ती अमेरिकेत ॲनिमेशनमध्ये काम करू लागली. सत्तरच्या दशकात कळलं की सात जलरंगचित्रं आउशविट्झच्या संग्रहालयाकडे आहेत. संग्रहालयाचं म्हणणं, ती इतिहासाचा पुरावा आहेत. तिचं म्हणणं, ती मी काढली आहेत. ॲडम्सनं २००८ च्या सुमारास इतिहासकार रफाएल मेडॉफबरोबर तिच्यावर सहा पानांचं कॉमिक केलं. त्यात चित्रकार जो क्युबर्टनं पेन्सिलच्या रेषांवर शाई केली. चित्रकारांच्या सह्या गोळा केल्या. २००९ मध्ये दिना गेली, चित्रं तिथेच आहेत.

खरं सांगायचं तर मला संग्रहालयाचंही पटतं. ते वाचून दोन दिवस माझं माझ्याशीच भांडण चाललं होतं.

---

उलटतपासणी

हे माहीत नव्हतं. फुगत्या पृथ्वीबद्दलचं मत कायम ठेवून बाकी सूर जरा खाली घेतो.

---

पावशेर_शाई

ताई, नाना, सगळ्यांचे आभार. ॲडम्स २८ एप्रिल २०२२ ला न्यूयॉर्कमध्ये गेला, ऐंशी वर्षांचा होऊन. त्या आठवड्यातही मी ट्रंक उघडली नव्हती, याची आता थोडी लाज वाटते.

काल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून २५१ चं मुखपृष्ठ चकचकीत कागदावर छापून आणलं. अवाढव्य जोकर, त्याच्या हातात इस्पिकचा एक्का आणि त्या पत्त्यावर अडकलेला बॅटमॅन. अंकावर ठेवून बायकोला दाखवलं. तिनं चष्मा लावला, मुखपृष्ठ नीट बघितलं, मग अख्खा अंक शेवटपर्यंत चाळला. म्हणाली, "हा पत्ता आत कुठे आहे?"

नाही म्हटलं, तो फक्त बाहेरच आहे.